तेराव्याचे बूट

गुरुजी, परवा तुमचं तेरावं झालं आणि आपला वाद मी जिंकले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असते तर पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर धावता धावताच सांगितलं असतं. तुम्ही "छे छे मॅडम, तसं नसते" म्हणाले असते, मी चिडले असते, आणि दम लागेपर्यंत आपण भांडलो असतो. आता तुम्हाला मध्येच तोंड घालता येत नाही. तेवढा फायदा मी घेणार आहे.

खामगावात तुम्हाला कोण ओळखत नव्हतं? पण लग्नामुंजीला लोक दुसऱ्या गुरुजींना बोलवायचे आणि दहाव्या-तेराव्याला तुम्हाला. "माझं नाव कोणाच्या तोंडी आलं की समजावं, त्या घरी आज चूल पेटली नाही," असं तुम्ही स्वतःच हसत सांगायचे. आणि मी इंगळे मॅडम, शाळेत पोरींना खो-खो आणि धावणं शिकवणारी, बौद्ध घरातली, तेरावं वगैरे काही न मानणारी. आपली गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. तुमची साखर वाढली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि तुम्ही आमच्या शाळेच्या मैदानावर आले, म्हणून पडली.

पहिल्या दिवशी तुम्ही दिसायच्या आधी ऐकू आले. फटक-फटक, फटक-फटक. धोतर खोचलेलं आणि पायात रबरी चपला, टाचेच्या मागे चांगल्या बाहेर आलेल्या. माझ्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. मी तोंडातली शिट्टी काढली आणि ओरडले, "ओ गुरुजी, पाय काऊन घासत चालून राहिले?"

"पाय नाही घासत मॅडम. चप्पल मोठी आहे."

"मग मापाची घ्या न!"

"मी घेत नाही. मला येते."

येते म्हणजे काय, ते तुम्ही मैदानाच्या कठड्यावर बसून मला समजावून सांगितलं. माणूस गेला की पुढची वाट त्याला एकट्याला चालायची असते. वाट तापलेली, काट्याकुट्यांची. म्हणून तेराव्याला त्याच्या घरचे त्याला लागेल ते सगळं देतात, छत्री, गादी, तांब्या आणि पायात घालायला चपला. हे सगळं घ्यायला समोर ब्राह्मण बसतो. खामगावात आणि आसपासच्या गावांत तो ब्राह्मण म्हणजे तुम्ही. त्यामुळे तुम्ही मोठे झाल्यापासून कधी पायताण विकत घेतलं नव्हतं. जो गेला त्याच्या घरच्यांनी आणली ती चप्पल तुमची, आणि घरचे आणतात ती विधीपुरती, दुकानदाराच्या हाताला लागेल ती.

"तुमचा नंबर काय गुरुजी?" मी विचारलं.

"जो येईल तो," तुम्ही म्हणाले.

मला जो संताप आला! मी तुमच्या पायांकडे पाहिलं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, अंगठ्याचं नख काळंनिळं, टाचेला कुरुपं. सगळ्या गावाच्या गेलेल्या माणसांची वाट सुखाची व्हावी म्हणून एका जिवंत माणसाच्या पायांची ही गत. मी म्हटलं, सांगा न यजमानाला तुमचं माप, त्यात काय लाजायचं? तुम्ही म्हणाले, "मागून घेतलं तर ते दान कसलं मॅडम? आणि ती चप्पल माझ्या पायासाठी नसतेच. जो गेला त्याच्या पायासाठी असते. मी नुसता मधला."

"गेलेल्याला पाय नसतात गुरुजी. तुमच्यासमोरच जाळले न? पाय तुम्हाला आहेत."

"आणि चालत असला तर?" तुम्ही म्हणाले, आणि असे खळखळून हसले की माझ्या पोरींनी पुन्हा वळून पाहिलं. तिथून आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, तेराव्याचं पायताण गेलेल्याच्या मापाचं हवं. माझं म्हणणं, जो घालणार त्याच्या मापाचं हवं. तो वाद आपण उन्हाळे-पावसाळे चालवला.

चालता चालता तुम्ही धावायला कधी लागले, ते मलाही सांगता येणार नाही. मी रस्त्यावर लांब धावायचा सराव करत होते. तुम्ही म्हणाले, थोडं येतो तुमच्यासोबत, त्या खांबापर्यंत. मग पुढच्या खांबापर्यंत. पायात कुणाच्या तरी तेराव्याला आलेले कॅनव्हासचे बूट, पुठ्ठ्यासारखा तळ. डांबरी रस्ता असा खालून मारतो की गुडघ्यातून मेंदूत जातो. आठवड्यात तुमचे गुडघे बोलायला लागले, आणि मी तुम्हाला सांगून टाकलं की आता बूट घ्यायचे, रस्त्यावर धावायचे, गादीचे, आणि तुमच्या मापाचे. यात दानबिन काही येत नाही. तुमचा पाय, तुमचा खिसा.

तुम्ही पंचांग काढलं. मी रविवारी संध्याकाळी चला म्हटलं, तर तुम्ही म्हणाले, रविवारी संध्याकाळी राहुकाळ असते, सकाळी जाऊ. मी सांगितलं, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. दिवसभर वावरल्यावर पाय थोडा सुजतो, पसरतो, आणि धावताना पायाचं तेच होतं. म्हणून माप संध्याकाळचंच घ्यायचं. शेवटी राहुकाळ उलटल्यावर निघालो, तुमचंही राहिलं आणि माझंही.

दुकानात शिरलो तेव्हा दुकानदाराचा चेहरा आठवतो का? तुम्हाला पाहून तो गल्ल्यावरून उठून उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "कोन गेलं जी गुरुजी?"

"कोणी नाही गेलं. मीच आलो," तुम्ही म्हणाले.

त्याला ते खरंच वाटेना. चपलांचा खोका काढायला निघालेला त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं तुमच्यासमोर बूट मांडले आणि तुम्ही एकेका बुटात मूठ घालून तळ दाबून पाहायला लागले. मला आधी कळेना, मग लक्षात आलं आणि पोट धरून हसले. आयुष्यभर तेराव्याच्या गाद्या घेतलेला माणूस! गादीत नवा कापूस आहे की जुना पिंजून भरला, हे तुम्ही हाताच्या दाबावर सांगायचे. त्याच हातानं तुम्ही बूट निवडून राहिले होते. सगळ्यात मऊ, सगळ्यात जाड तळाचा उचलला आणि म्हणाले, "हा. हा एक नंबर आहे."

मी म्हटलं घाला. घालून तुम्ही उभे राहिले आणि तुमचा घोटा आत कलला. पुन्हा सरळ केला, पुन्हा कलला. मी सांगितलं, गुरुजी, गादीवर झोपायचं असतं, बुटावर उतरायचं असतं. नुसता मऊ बूट उभ्या उभ्या गोड वाटतो, धावताना पाय त्यात भरकटतो. मऊ पाहिजे, पण पाय ठेवल्यावर त्यानं धरलंही पाहिजे. तुम्हाला पटलं नाही. तुमचा हात अजून त्याच बुटावर होता. हट्टीपणात आपण दोघंही कमी नव्हतो.

मग माप. तुम्ही म्हणाले सात, कारण शेवटची आलेली चप्पल सात नंबरची होती. पट्टीवर पाय ठेवला तर नऊ! उजवा तर नऊच्याही थोडा पुढे. साठी उलटल्यावर तुम्हाला कळलं की आपला एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. तुम्ही पट्टीकडे आणि पायाकडे असे आळीपाळीनं पाहत राहिले, जसा कोणी नवीन नातेवाईक दाखवला असावा. मोजे मी घरून आणले होते, कारण ज्या मोज्यात धावायचं त्याच मोज्यात बूट घालून पाहायचा. मोठ्या पायाचं माप धरायचं. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा. टाच उचलली तर बूट सोबत उचलला पाहिजे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जरासा टाइट असला त काय होते, घालता घालता ढिला होते." मी म्हटलं, "तुमचा जीव ढिला होईल, बूट नाही होत. पहिल्या दिवशी चावला तो शेवटपर्यंत चावते." बिचारा दुसरा खोका उघडायला लागला.

सगळं जुळलं तो जोड नेमका पोपटी निघाला. भडक, शेतातल्या पोपटासारखा. तुम्ही घाबरून विचारलं, "भगव्यात नाही का?" नव्हता. "यजमान काय म्हणतील मॅडम?" मी म्हटलं, रंग पायाला कळत नाही. आधी चामड्याचा आहे का म्हणून तुम्ही उलटसुलट करून पाहिला. चामडं कुठलं, सगळं जाळीचं कापड आणि फोम. मग मी तुम्हाला दुकानाबाहेर काढलं आणि गल्लीत धावायला लावलं. धोतर, पोपटी बूट, आणि दोन्ही बाजूंनी पाहणारे लोक. तुम्ही रसवंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. चेहरा वेगळाच झाला होता. मला वाटलं कुठं लागलं.

"मॅडम, पाय कुठं आहेत तेच कळून नाही राहिलं," तुम्ही म्हणाले.

गुरुजी, मी इतक्या पोरींना बूट निवडून दिले, पण असं मला कोणी म्हणालं नव्हतं. मी दुसरीकडे पाहिलं, कारण मला भरून आलं होतं आणि ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं. आज सांगते.

त्यानंतरच्या आपल्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींपैकी होत्या. सरकी काढायच्या जिनिंगवरून कापसाचा वास यायचा, कडेच्या बाभळीला गाड्यांवरून उडालेला कापूस अडकलेला असायचा, आणि तुम्ही मंत्र म्हणत धावायचे, दम मोजायला म्हणून. मंत्र तुटला की आपण हळू व्हायचो. गावाजवळ आलो की लोक घाबरायचे. एकदा एक म्हातारी दारातून उठून रस्त्यावर आली, "गुरुजी, कोनाच्या घरी पयत चालले जी?" तुम्ही धावता धावताच सांगितलं, "कोणाच्याच नाही माय, सगळे चांगले आहेत!" ती म्हातारी पुढे रोज तुमची वाट पाहायची. तुम्ही थांबले नाही म्हणजे गावात सगळं ठीक आहे, असा तिनं हिशेब लावून घेतला होता.

माझी आई गेली तेव्हा तुम्ही आमच्या घरी आले होते. आमच्याकडे पुण्यानुमोदन असतं, तेरावं नाही. तुम्ही मागच्या ओळीत मांडी घालून बसले, वंदनेला हात जोडले, आणि जाताना मला एवढंच विचारलं, "जेवल्या का?" दुसऱ्या सकाळी येऊन माझ्या बरोबरीनं धावले, एक शब्द बोलले नाही. रडणाऱ्या घरांत आयुष्य काढलेल्या माणसाला कुठं गप राहायचं ते कळतं. मी आभार मानले नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती, भांडायची होती. तुमच्या घरी माझा चहा आधी ओसरीवर यायचा, मग मी स्वयंपाकघरात वहिनींच्या पुढ्यात बसून प्यायला लागले. तेही कोणी ठरवून केलं नाही. तुम्ही त्या घरात बदल करायचे ते असे, न बोलता, चहाच्या कपासारखे पुढे सरकवून.

बूट घेतले तरी तेराव्याच्या चपला सुटल्या नव्हत्या. विधीला तुम्ही त्याच घालायचे. एका पावसाळ्यात तुम्ही लंगडत आले आणि मी पुन्हा तोफ सुरू केली. तेव्हा तुम्ही जे सांगितलं ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. तुम्ही म्हणाले, दान दिल्यावर ब्राह्मणाला ते वापरून दाखवावं लागते. गादीवर बसायचं, छत्री धरायची, चपला घालून अंगणात चार पावलं चालायची. तेवढा वेळ तो ब्राह्मण ब्राह्मण नसतो. घरच्यांसाठी तो गेलेला माणूसच असतो, निघालेला.

"आणि चप्पल कितीही लागली तरी त्या चार पावलांत लंगडायचं नसते मॅडम. पोरगा पाहत असते. त्याला वाटेल, बाप लंगडत गेला."

मी त्या दिवशी गप झाले. तुम्हाला वाटलं असेल तुम्ही जिंकले. मला वाटलं, किती अंगणांत तुम्ही दुसऱ्याच्या मापाच्या चपलेत दात दाबून सरळ चालले असाल, आणि कितीजण त्या भरवशावर शांत झोपले असतील. असली माणसं फार नसतात गुरुजी. हे तोंडावर म्हणायला हवं होतं की नाही, ते मला माहीत नाही. तुम्ही थट्टेवारीच नेलं असतं.

अलीकडे तुमच्या पोपटी बुटांची गादी बसली होती. तळ वरून चांगला दिसत होता, पण मला तुमच्या पावलाच्या आवाजावरून कळायचं, डांबर पुन्हा वाजायला लागलं होतं. मी नवे घ्या म्हणाले. तुम्ही म्हणाले, "अजून शाबूत आहेत. आणि एवढ्या जिव्हाळ्याचा जोड मला पुन्हा कुठला सापडते?" मी म्हटलं, सापडते, मी आहे न. रविवारी राहुकाळ उलटल्यावर जायचं ठरलं. शनिवारी दुपारी तुम्ही जेवून आडवे झाले ते उठलेच नाही.

मी आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. त्या ढिगात तुमचे पोपटी बूट एका बाजूला, नीट जोडून ठेवलेले. नाडी मी शिकवली तशी दुहेरी बांधलेली. आत जाण्याआधी मी तिथंच थांबले. तुम्ही घरात आहात आणि आता नाडी सोडून बाहेर याल, असं ते बूट ठामपणे सांगून राहिले होते.

तेराव्याच्या दोन दिवस आधी वहिनींनी मला बोलावलं. पुण्याहून आलेल्या प्रसादनं बाजारातून सगळं सामान आणलं होतं, छत्री, गादी, आणि रबरी चपला, नेहमीसारख्या. तुमचा मुलगा चांगला आहे गुरुजी, त्याला दोष नाही. त्याला वाटलं, ते विधीपुरतं असतं. पण वहिनींनी त्या चपला पाहिल्या आणि त्यांचा बांध फुटला. मला म्हणाल्या, "अगं, जन्मभर दुसऱ्याच्या मापाचं घालून फिरले. आता जातानाही असंच जायचं का त्यांनी? तुझ्यासोबत धावायला लागले तेव्हा पहिल्यांदा पायाचं सुख पाहिलं. तसेच बूट आण. नऊ नंबर. तुलाच ठाऊक आहे त्यांचं."

मी हो म्हणाले आणि घरी येऊन डोकं धरून बसले. दान घ्यायला येणार होते तुमचेच शिष्य, जलंबचे माधव गुरुजी. चाळिशीतला माणूस, पण पाय आखूड आणि रुंद, माझ्या नजरेच्या अंदाजानं सात नंबरचा. तुमचा नऊ आणला तर तो माणूस तुमच्यासारखाच फटक-फटक करत आयुष्य काढणार. सात आणला तर वहिनींना रात्रंदिवस दिसणार की तुम्ही त्या तापलेल्या वाटेवर बोटं दुमडून चालून राहिले. एरवी मी कोणालाही सांगितलं असतं, गेलेल्याला पाय नसतात. वहिनींना ते सांगायची माझी छाती नव्हती, आणि दुसऱ्या जिवंत माणसाच्या पायाचं वाटोळं करायचीही नव्हती. माझा सगळा ठामपणा त्या संध्याकाळी खुंटीवर टांगला गेला.

सकाळी एकटी धावायला गेले. ती म्हातारी दारात उभी होती. मला एकटीला पाहून तिनं डोळ्याला पदर लावला. मी तशीच पुढे गेले आणि पुलाजवळ मला तुमची ती चार पावलं आठवली. मी रस्त्यात उभी राहिले आणि मोठ्यानं हसले, एका ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं. अहो गुरुजी! त्या अंगणात माधव गुरुजी माधव गुरुजी नसणारच न! तुमच्याच शास्त्रानं तेवढा वेळ ते तुम्ही असणार. मग त्यांचा पाय तो तुमचा पाय. त्यांना मापाचे झाले म्हणजे तुम्हाला मापाचे झाले. इतकी वर्षं आपण भांडलो आणि उत्तर तुमच्याच तोंडून बाहेर पडलेलं, आणि मला ते सुचलं कधी, तर तुम्ही कबूल करायला नाही तेव्हा. सगळ्यात जास्त रडू मला त्या वेळी आलं.

तशीच घामाघूम वहिनींकडे गेले. सांगितलं. त्यांनी त्या रबरी चपला बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "हो. असं ते म्हणायचे खरं. चार पावलं मी मी नसतो." आणि थोड्या वेळानं, "मग माधवला घेऊन जा. पण संध्याकाळी ने. सकाळचं माप खरं नसतं म्हणे." तुम्ही घरी हेही सांगून ठेवलं होतं तर.

माधव गुरुजी ऐकेनात. म्हणे, मागून घेतलेलं दान मला चालत नाही, गुरुजींनीच शिकवलं आहे. मी म्हटलं, तुम्ही कुठं मागून राहिले? मी ओढून नेऊन राहिले. प्रसादही सोबत आला. दुकानदारानं आम्हाला पाहिलं, आणि या वेळी कोण गेलं ते त्यानं विचारलं नाही. स्वतः खाली बसला, पट्टी आणली. माधव गुरुजींनी मूठ घालून तळ दाबायला हात पुढे केला, तेव्हा प्रसाद आणि मी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे हेही तुम्ही शिकवलं होतं! मी त्यांच्या हातातून बूट काढून घेतला आणि पायात घालायला लावला. मोज्यासकट, दोन्ही पायांत, नाडी बांधून. रुंद पंजाचा बूट मिळेपर्यंत खोके उघडत राहिलो. मग त्यांना गल्लीत धावायला लावलं, रसवंतीपर्यंत. परत आले आणि प्रसादला म्हणाले, "माझ्या पायाचं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं." जोड पांढरा मिळाला. माधव गुरुजींचं नशीब तुमच्यापेक्षा बरं.

परवा अंगणात सगळं यथासांग झालं. मी मागे, तुळशीच्या बाजूला उभी होते. वहिनी ओसरीच्या खांबाला धरून. प्रसादनं गादी दिली, छत्री दिली, मग वाकून बूट पुढे ठेवले. माधव गुरुजींनी ते घातले. प्रसादनंच नाडी बांधली, दुहेरी गाठ मारायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग माधव गुरुजी छत्री धरून उठले आणि चालायला लागले. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी पायांकडे.

टाच टेकली, पाऊल पुढे गेलं, बोटं सुटली. दुसरं पाऊल. कुठं कलत नव्हतं, कुठं अडत नव्हतं. त्या घरात त्या वेळी मध्ये बोलायचं नसतं हे मला कळतं, पण मला राहवलं नाही.

"कुठं टोचतं का?" मी विचारलं.

ते थांबले. वळून माझ्याकडे नाही, प्रसादकडे पाहून म्हणाले, "नाही. कुठंच नाही."

प्रसाद तिथंच खाली बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. वहिनींनी खांब सोडला. माधव गुरुजी दारापर्यंत गेले, चांगले सरळ.

मेलेला माणूस चालत नाही गुरुजी, हे माझं मत अजून तेच आहे. त्यावर तुम्हाला मी आताही सोडणार नाही. पण परवा तुम्ही निघाले तेव्हा लंगडत नव्हते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.